ओकिझाकीच्या त्र्याण्णवजणी

तोक्यो, १२ मार्च १९४६

ती. तोयोमावशीस,
शिगेनोचा नमस्कार.

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी हे मला माहीत आहे. आईने तेच शिकवलं होतं. पण मावशी, आज खिडकीबाहेर बघायला सवड कुणाला आहे? तारीख जाहीर झाली! दहा एप्रिल! त्या दिवशी या देशातली वीस वर्षांवरची प्रत्येक बाई मत देणार. आईने ज्या सभांना चोरून जाऊन शिव्या खाल्ल्या, त्या सभांचं फळ आता पदरात पडतंय. ते बघायला ती नाही, म्हणून मी दोघींच्या वाटचं ओरडतेय.

आमच्या महिला मंडळाचं कार्यालय कान्दा नावाच्या भागात एका अर्ध्या जळलेल्या इमारतीत आहे. पाऊस आला की आम्ही छत्री उघडून टंकलेखन करतो. रोज संध्याकाळी स्टेशनासमोर लाकडी खोक्यावर उभी राहून मी बोलते. घसा बसलाय, पोटात रताळ्याच्या वेलाची पेज आहे, पण इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

काल मात्र एक भानगड करून बसले. कोपऱ्यावर ओगिता नावाचा चांभार बसतो. भर सभेत तो म्हणाला, "बाई, शहरातल्या शिकलेल्या जातील मत द्यायला. खेड्यातली बाई तिथं जाऊन काय करणार? नवऱ्याला विचारायला घरी परत येणार!" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझ्या आईचं गाव ओकिझाकी. तिथे त्र्याण्णव बायका समुद्रात बुडी मारून अख्खं गाव पोसतात. त्या त्र्याण्णवच्या त्र्याण्णव मत देतील, आणि तो आकडा मी याच खोक्यावरून वाचून दाखवेन. नाही वाचला, तर पुन्हा खोक्यावर चढणार नाही!"

आता तो रोज विचारतो, "काय बाई, किती झाल्या?" मावशी, माझी लाज तुझ्या हातात आहे.

तुझी,
शिगेनो


ओकिझाकी, १८ मार्च

चि. शिगेनोस,
अनेक आशीर्वाद.

हवा बरी आहे. वाऱ्यातला बोचरेपणा गेला, पाणी अजून हाडं गोठवतं. बघ, एका ओळीत होतं. यापुढे एवढं तरी लिहीत जा.

पत्र मी शेकोटीच्या झोपडीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बुडी मारून आलो की आम्ही तिथेच अंग शेकत बसतो, तुला आठवत असेल. "खोक्यावर भाषण, पत्रातही भाषण, ही पोरगी श्वास कधी घेते?" असं कुणीतरी म्हणालं. पण ओगिताचं बोलणं वाचलं तेव्हा हसणं थांबलं. नात्सुए म्हणाली, "नवऱ्याला विचारायला? माझा नवरा जेवायला काय वाढू हेसुद्धा मला विचारतो."

तेव्हा इच्छा सगळ्यांचीच आहे. पण अडचण आहे. या वर्षीच्या वाकामे शेवाळाची कापणी दहा एप्रिललाच सुरू होणार आहे. देवळात नैवेद्य झाला, दिवस जाहीर झाला. मत द्यायचं टेकडीपलीकडच्या शाळेत. जायला तास, यायला तास. कापणी सकाळी नऊला सुरू होते, आणि पहिले तीन तास ज्या पाण्यात नसतील त्यांच्या वाट्याला खडकावरची खुरटलेली पानं. नंतर संध्याकाळपर्यंत कापलेलं वाळत घालायचं, नाहीतर कुजतं. यंदा घराघरांत तांदळाचे डबे रिकामे आहेत. मी कुणाला 'वाकामे सोड' म्हणू शकत नाही.

तू त्या चांभाराला जरा कमी आकडा सांगितला असतास तर बरं झालं असतं.

सोबत वाळवलेलं हिजिकी शेवाळ पाठवतेय. भिजवून मग शिजव, तू नेहमी घाई करतेस.

तोयोमावशी


तोक्यो, २३ मार्च

ती. तोयोमावशीस,

हवा ढगाळ. झालं.

दहा एप्रिल! वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्यातून नेमका तोच दिवस! आणि तुम्ही त्याला अडचण म्हणता? मी त्याला कावा म्हणते! मच्छीमार संघात कोण बसतं? पुरुष. दिवस कोण जाहीर करतं? पुरुष. हजारो वर्षं यांनी दाराला कडी घातली, आणि आता सरकारने कडी काढली तर हे दारासमोर वाकामेचा ढीग रचतायत!

सात तारखेच्या वर्तमानपत्रात नव्या घटनेचा मसुदा छापून आला, मावशी. बाई आणि पुरुष कायद्यासमोर समान, असं त्यात लिहिलंय. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. आणि माझ्या आईच्या गावात संघाचा अध्यक्ष कोण? तुझा नवरा! ज्यांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी समुद्र बघितला ते माझे गेंझोकाका!

मी त्यांनाही वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात काही राखून ठेवलेलं नाही.

शिगेनो


ओकिझाकी, २९ मार्च

चि. शिगेनोस,

तुझं पत्र तुझ्या काकांना मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, आणि दोन दिवस मुळ्याचं लोणचंसुद्धा खाल्लं नाही. 'जुलमी' हा शब्द तीन वेळा आहे म्हणाले. मग होडीला डांबर लावायला गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

आता ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लाज वाटली म्हणून.

दिवस मी ठरवला.

दरवर्षी मीच ठरवते. माझ्याआधी माझी सासू ठरवायची. माघ उलटला की तुझे काका जेवताना विचारतात, "काय गं, कधी?" मी पाणी बघते, पानांची लांबी बघते, चंद्र बघते. अर्ध्या चंद्राला ओढ कमी असते, बुडी मारायला पाणी शांत मिळतं. म्हणून सांगितलं, दहा एप्रिल. मग ते देवळात उभे राहून मोठ्या आवाजात जाहीर करतात, जणू समुद्राने त्यांच्याच कानात सांगितलं. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे आणि प्रत्येक पुरुषालाही. बोलत कुणी नाही, एवढंच.

तेव्हा सरकारची तारीख आली नव्हती. आली तेव्हा देवाला नैवेद्य होऊन गेला होता. जाहीर केलेला दिवस आमच्याकडे कधी मागे घेत नाहीत. एकदाच घेतला, त्या वर्षी दोघी पाण्यातून वर आल्या नाहीत. योगायोग असेल, पण त्यांच्या मुली आज माझ्याबरोबर बुडी मारतात. त्यांना मी योगायोग म्हणून समजावू का?

शिगेनो, तू मला या मताचं महत्त्व पटवून देतेस. तुला वाटतं, मला ते कळत नाही. माझ्या पोराला, सेइजीला, लढाईवर नेलं तेव्हा घरी कागद आला. त्यावर शिक्का होता, तारीख होती, किती वाजता हजर व्हायचं ते होतं. 'तुमचं काय म्हणणं आहे' असं विचारलेली ओळ कुठेच नव्हती. मी कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा बघितली. आता पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय, आणि त्र्याण्णव बायकांची वाट मीच अडवून ठेवलीय. माझ्या हाताने.

रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. काकांना दोन ओळी लिही.

तोयोमावशी


तोक्यो, २ एप्रिल

ती. मावशी आणि ती. काका,

चेरीला कळ्या आल्या आहेत. जळक्या झाडांनासुद्धा.

काका, मी गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून माफी मागते. तीनही 'जुलमी' परत घेते. लोणचं खा.

मावशी, तुझं पत्र मी कार्यालयात वाचलं आणि जिन्याखाली जाऊन रडले. मी रोज खोक्यावरून जगाला शिकवते, आणि घरात कोण काय ठरवतं हे मला चोवीस वर्षांत कळलं नाही. उपाशी गावाला वाकामे सोडायला सांगण्याचा हक्क मला नाही. माझ्या शब्दाची काळजी करू नकोस. खोक्यावर दुसरी कुणी चढेल.

पण एवढं तरी ऐक. मत द्यायच्या जागी फळ्या उभ्या केलेल्या असतात. आत एकटीने जायचं. कागदावर नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, साध्या अक्षरांत लिहिलं तरी चालतं. तुमच्या भागात दोन नावं लिहिता येतील, एक लिहिलं तरी हरकत नाही. नवरा, सासरा, गावप्रमुख, पोलीस, कुणालाही आत डोकावायची परवानगी नाही. आपल्या बायकांना एवढी एकांताची जागा आजवर कुणी दिली होती? जमलं तर जा. नाही जमलं तर पुढच्या वेळी. मी तुझीच आहे.

शिगेनो


ओकिझाकी, ५ एप्रिल

चि. शिगेनोस,

काकांनी लोणचं खाल्लं. वारा दक्षिणेचा.

घाईत लिहितेय. वाट सापडली आहे, पण ती सुते आजीच्या घरावरून जाते.

आमच्या पहिल्या दिवसाची रीत तुला आठवते का? सगळ्यात वयस्कर बाई होडीच्या काठावर विळ्याने दोनदा ठोकते आणि पाण्यात उतरते. ती उतरल्याशिवाय कुणी पाय भिजवत नाही. तीन तास मोजायचे तेही ती उतरली की. हल्ली ती म्हणजे सुते आजी. वय चौऱ्याहत्तर, दात चार, आणि आवाज तुझ्यापेक्षा मोठा. ती जर नऊला उतरण्याऐवजी अकराला उतरली, तर कुणाचंच काही जात नाही.

मी तिला म्हटलं, "आजी, दहा तारखेला दोन तास उशिरा उतर."

"का? मी काय आजारी आहे?"

"नाही, बाकीच्यांना मत द्यायला जायचंय."

"त्यांना जायचंय तर त्यांनी जावं. मला काम नसताना मी किनाऱ्यावर बसून राहिले तर समुद्र काय म्हणेल? सुते घाबरली म्हणेल."

"मग तूही चल मत द्यायला."

"कुणाला द्यायचं?"

"ते तुझं तू ठरवायचं."

"माझ्या मुलाला विचार, तो सांगेल."

"मुलाला विचारायचं नाही, आजी. आत फळ्या लावलेल्या असतात. तू एकटी. कुणी बघत नाही, कुणाला सांगायचं नाही."

आजी शेकोटीत काटकी खुपसत बसली. मग म्हणाली, "मुलालाही नाही?"

"नाही."

"सुनेला?"

"नाही."

"त्या मिशीवाल्या पोलिसाला?"

"त्यालाही नाही."

"बादशहाला?"

झोपडीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मी म्हटलं, "त्यांनाही नाही."

आजीने काटकी बाहेर काढली, टोकावरची ठिणगी फुंकून विझवली आणि माझ्या हातात दिली. "शिकव लिहायला."

तेव्हापासून रोज झोपडीत राखेवर शाळा भरते. उमेदवारांची यादी नात्सुए वाचते, आजी राखेत अक्षरं काढते. गंमत अशी की ती एक नाव शिकून थांबत नाही. पाच शिकली. मी म्हटलं, "आजी, दोनच लिहायची आहेत." तर म्हणते, "दोनच शिकले तर तुला कळेल ना मी कुणाला देणार ते! तू काय बादशहापेक्षा मोठी?"

आता अडचण फक्त किनुयोची. तिला बाळ होऊन आठ दिवस झाले, टेकडी चढवणार नाही. म्हणजे ब्याण्णव. तुझा चांभार ब्याण्णववर ऐकेल का?

तोयोमावशी


तोक्यो, ८ एप्रिल (पोस्टकार्ड)

ऐकणार नाही. पण सुते आजी एकटीच दहा जणींच्या बरोबरीची आहे असं मी त्याला सांगेन! मावशी, काटकी जपून ठेवू नका, अजून कुणाला तरी शिकवा! हवा सुंदर! शिगेनो


ओकिझाकी, ११ एप्रिल

चि. शिगेनोस,

बोटं चिरलीत, अक्षर वाकडं येईल. पण आजच लिहायला हवं.

काल उजाडता उजाडता सगळ्या देवळासमोर जमलो. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं फडकं, कमरेला विळा. परत येऊन लगेच उतरायचं होतं, दुसरे कपडे कशाला? टेकडी चढताना कुणीतरी बुडीतून वर आल्यावर श्वास सोडताना घालतो ती शीळ घातली, मग सगळ्यांनीच घातली. पलीकडच्या गावातली कुत्री वेडी झाली.

शाळेच्या दारात तो मिशीवाला पोलीस आडवा आला. "हा कसला मोर्चा? विळे घेऊन?"

सुते आजी म्हणाली, "मोर्चा नाही, रांग आहे. डोळे असतील तर मोज."

विळे बाहेर ठेवा म्हणाला. ठेवले. शाळेच्या ओट्यावर विळ्यांची बावीस हात लांब ओळ लागली. तो बिचारा आम्ही असेपर्यंत त्यांच्याकडे पाठ करायला तयार नव्हता.

आजी पहिली आत गेली. तिने कागद घेतला, फळ्यांआड गेली, आणि येईचना. एक मिनिट. पाच मिनिटं. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने घड्याळ बघितलं आणि हाक मारली, "आजीबाई, झालं का?"

आतून आवाज आला, "बाई पाण्यात असताना वरून हाका मारतं का कुणी?"

कारकुनाने घड्याळ खिशात टाकलं. आम्ही सगळ्यांनी, शिगेनो, खरंच श्वास धरला होता. मग आजी बाहेर आली. कागदाची घडी इतकी बारीक केली होती की पेटीत पडल्याचा आवाजही आला नाही. बोटं शाईने काळी, कपाळावरही शाई. ती सरळ दारातून बाहेर गेली आणि विळा उचलून उन्हात उभी राहिली.

मग माझी पाळी. आत गेले तर एक उतरतं टेबल, शाईची दौत, कुंचला आणि भिंतीवर नकाशा, बस. तू म्हणतेस ते खरं, तिथे कुणी नव्हतं. मी सेइजीचं नाव लिहावं असं क्षणभर मनात आलं. मग विचार केला, तो उमेदवार नाही, मत फुकट जाईल, तो रागावेल. जिवंत माणसांची नावं लिहिली. दोन.

बाहेर येते तर शाळेच्या खालच्या धक्क्यावर होडी! तुझे काका! भूशिराला वळसा घालून वल्हवत आले होते. घामाने निथळत होते. होडीत घोंगडीत गुंडाळलेली किनुयो आणि तिच्या कुशीत बाळ. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी ठरवलं होतं म्हणे, माणसाने. किनुयोला त्यांनी पाठीवर घेऊन पायऱ्या चढवल्या. बाळ पोलिसाच्या हातात दिलं. त्याला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. मला बघून काका म्हणाले, "शिगेनोला लिही. जुलमी माणूस होडी घेऊन आला होता."

मग म्हणाले, "आलोच आहे तर," आणि तेही रांगेत उभे राहिले, आमच्या मागे.

अकराला परत पोचलो. गावचे पुरुष होड्यांत दोऱ्या धरून बसले होते, तोंडं लांब करून. सुते आजीने काठावर दोनदा ठोकलं आणि उतरली. पाणी काचेसारखं होतं. शिगेनो, पाच वर्षांत इतकं वाकामे बघितलं नव्हतं. लढाईच्या वर्षांत नीट कापणीच झाली नाही, त्यामुळे खडकांवर रान माजलं होतं. दोरीवर दोरी भरली. आज सगळ्या किनाऱ्यावर, कुंपणांवर, देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा वाकामे वाळतंय.

आणि पुरुषांचं ऐक. आम्ही वाळत घालायला बसलो तेव्हा नात्सुएचा नवरा म्हणाला, "आम्ही कधी जायचं मत द्यायला?" चार वाजले होते, सहाला पेटी बंद. मग जे पळाले! कुणाच्या एका पायात खडाव, कुणाच्या खांद्यावर अजून दोरी. बायका टाळ्या वाजवत होत्या. "पळा! नाहीतर पुढच्या वेळी आम्हाला विचारून ठेवा, तुमचं काय म्हणणं आहे ते!"

त्र्याण्णव. वाच खोक्यावरून.

तोयोमावशी


तोक्यो, १९ एप्रिल

ती. तोयोमावशीस,

चेरी पडून गेली, मी बघितलीच नाही. क्षमा.

वाचलं! नुसता आकडा नाही, अख्खं पत्र वाचलं! 'पाण्यात असताना हाका' इथे लोकांनी टोप्या उडवल्या. बाळ पोलिसाच्या हातात दिलं तिथे एक म्हातारी हसत हसत खाली बसली. ओगिता कोपऱ्यात हातोडी धरून ऐकत होता. शेवटी उठला, मोठ्या आवाजात म्हणाला, "माझी बायको गेली नाही. मीच म्हटलं होतं, काय करणार तिथे." आणि खाली मान घालून बसला. पाच मिनिटांनी माझे बूट मागितले, तळवा फाटलाय म्हणाला. फुकट शिवून दिला. मी अजून त्याच्याशी भांडणार आहे, पण कोरड्या पायांनी.

आणि मावशी, एकोणचाळीस! एकोणचाळीस बायका निवडून आल्या! सगळे म्हणत होते पाच-सहा येतील. आम्ही कार्यालयात छत्रीखाली नाचलो, पाऊस नसताना. त्या एकोणचाळीस काय करतील मला माहीत नाही. चुका करतील, भांडतील, काही जणी पुरुषांसारख्याच निघतील. पण आता कागद येईल तेव्हा त्यावर विचारणारी ओळ असावी, हे सांगायला तिथे कुणीतरी बसलेलं असेल.

परवा घटनेचा मसुदा पुन्हा छापून आला, या वेळी सरळ बोलण्याच्या भाषेत. एक प्रत पाठवतेय. शेकोटीपाशी वाचा. आणि एक विचारायचं राहिलंच. मत गुप्त असतं हे मीच सांगितलं, तरी राहवत नाही. मावशी, कुणाला दिलंस गं?

शिगेनो


ओकिझाकी, २८ एप्रिल

चि. शिगेनोस,

ऊन स्वच्छ. पाणी थोडं ऊबदार झालंय, आता समुद्रातल्या गोगलगायींसाठी बुडी मारतो आम्ही.

मसुदा वाचला. नात्सुएने वाचला, सगळ्यांनी मध्ये मध्ये तोडला. समान हक्काच्या ओळीवर आम्ही ठरवलं, पुढच्या वर्षीचा दिवस मी ठरवेन आणि देवळात मीच जाहीर करेन. संघाच्या बैठकीत मी हे मांडलं. दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली. तुझे काका उठले आणि म्हणाले, "बरं होईल. ओरडून माझा घसा बसतो."

कुणाला दिलं ते तुला सांगणार नाही. राग मानू नकोस, काकांनाही सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं ते होडीत बसून माझी दोरी धरतात. मी खाली किती वेळ राहते, कोणत्या खडकाशी आहे, दमले की नाही, सगळं त्यांना दोरीवरून कळतं. माझं त्यांना ठाऊक नाही असं काही उरलंच नव्हतं. आता हे आहे. माणूस अगदी कासावीस झालाय. यादी पाठ केली आहे त्यांनी. मी वर आले, काठाला धरलं, की ते पाण्यातून टोपली घेतात आणि अगदी सहज विचारल्यासारखं यादीतलं एक नाव घेतात. चेहरा वाचायला बघतात. दिवसाला चाळीस बुड्या, चाळीस नावं.

मी हसते, छाती भरून श्वास घेते, आणि खाली जाते.

तोयोमावशी